टोकावरून पारख

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० साली म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगळुरूस विमानांचा कारखाना काढला. विमानाला हलके धातू लागतात. परंतु मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम वितळताच हवेतील प्राणवायूशी संयोग पावतात आणि सांधा बिघडतो. त्याच सुमारास अमेरिकेतील नॉर्थ्रॉप विमान कंपनीचे रसेल मेरेडिथ यांनी यावर तोड काढली: टंगस्टनच्या कांडीने विजेची ज्योत पेटवावी आणि तिच्याभोवती हेलियम वायूचे कवच धरावे. या कृतीस १९४२ साली पेटंट मिळाले. हेच आजचे टिग वेल्डिंग. आता बंगळुरूच्या पीण्या वसाहतीतील लहान कारखान्यांतही ते चालते.

टंगस्टन ३४२२ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून कांडी स्वतः न वितळता ज्योत धरून ठेवते. भर घालावयाची तार कारागीर दुसऱ्या हाताने देतो. हेलियमऐवजी आता बहुधा आरगॉन वापरतात.

सांध्याचे सौष्ठव कांडीच्या टोकावर अवलंबून असते. पोलादासाठी टोक पेन्सिलीसारखे करावे; निमुळता भाग कांडीच्या जाडीच्या दुप्पट ते अडीचपट असावा. घासल्याच्या रेषा कांडीच्या लांबीच्या दिशेने उमटल्या पाहिजेत; त्या आडव्या असल्या तर ज्योत भरकटते. यासाठी सहाणेचे चाक स्वतंत्र राखावे, नाहीतर दुसऱ्या धातूचे कण टोकावर बसतात. टोक वितळल्या धातूस टेकले, तर ते पुन्हा घासावे.

मात्र खरा धोका या घासण्यातच आहे. लाल खुणेच्या कांडीत सुमारे २ टक्के थोरियम ऑक्साइड असते आणि थोरियम किरणोत्सर्गी आहे. कांडी हाताळण्यात भय अल्प. पण तिची धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाऊन राहते. म्हणून चाकाशी धूळ ओढून घेणारी नळी असावी, तोंडावर योग्य मुखवटा असावा, आणि हात धुतल्यावाचून जेवणाचा डबा उघडू नये. त्याहून बरे म्हणजे लँथॅनमची निळ्या किंवा सीरियमची करड्या खुणेची कांडी घ्यावी. तिच्यात थोरियम नसते.

आपला मुलगा किंवा मुलगी हे काम शिकत असेल, तर आज सायंकाळी एवढेच विचारा: "कांडीची खूण कोणत्या रंगाची होती? आणि घासताना धूळ कुठे गेली?"