छापून झालं, आता मजकूरही मागा

अक्षरजुळणी : साप्ताहिक सदर

हुबळीच्या केशवापुरात मराठी घरातलं लग्न ठरलं की पत्रिका बहुतेक वेळा दोन लिप्यांत निघते. एका पानावर मराठी, दुसऱ्यावर कन्नड. सोयरे निम्मे बेळगाव-कोल्हापूरकडचे, निम्मे गदग-धारवाडचे. मजकूर घरातलंच कुणीतरी मोबाइलवर टाइप करून व्हॉट्सॲपवर पाठवतं. तो चौघांनी वाचलेला, शुद्ध असतो. डीटीपीवाला मात्र तो उचलून पानात टाकत नाही. मोबाइल समोर ठेवून पहिल्या ओळीपासून पुन्हा टाइप करतो, कारण मोबाइलवरचा मजकूर युनिकोडमधला आणि त्याच्या पानातला फॉन्ट जुन्या पद्धतीचा. टाइप करणाऱ्याची भाषा कन्नड. मराठी अक्षरं तो ओळखतो, पण शब्द चुकला तर कानाला खटकत नाही. मग ‘कृपाभिलाषी’मधली वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते, ‘आशीर्वाद’चा रफार सरकतो, आणि प्रूफ बघायला आलेल्या मुलीच्या वडिलांना तासभर तिथेच बसावं लागतं.

यात मी डीटीपीवाल्याला दोष देत नाही. परक्या भाषेचा मजकूर तो निगुतीने लावतो. दोष पद्धतीचा आहे. शुद्ध मजकूर हातात असताना तो पुन्हा टाइप करणं हेच चुकांचं मूळ आहे, आणि ते टाळता येतं. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे : छापून घेणाऱ्याने छापील प्रतींबरोबर युनिकोडमधला अंतिम मजकूरही मागावा, छापखान्याने तो द्यावा आणि त्या कामाचे पैसे घ्यावेत. पुण्या-मुंबईत चूक झाली तर ती पकडणारे छापखान्यातच भेटतात. हुबळीत मराठी प्रूफ वाचणारा बहुतेक वेळा ग्राहक स्वतःच असतो. म्हणून ही गरज आपल्याला जास्त आहे.

जुना फॉन्ट म्हणजे काय, ते आधी पाहू. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम, कृतिदेव यांनी मराठी छपाई संगणकावर आणली. कन्नडसाठी ते काम बरह आणि नुडी यांनी केलं. हे ऋण मोठं आहे. त्यांतल्या बहुतेकांच्या पुढच्या आवृत्त्यांत युनिकोडही आलं. पण सुरुवातीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले होते. कृतिदेवमध्ये ‘क’ हा इंग्रजी छोट्या ‘डी’च्या जागी आहे. फॉन्ट असेपर्यंत डोळ्यांना ‘क’ दिसतो. फॉन्ट काढला की तिथे ‘डी’ उरतो. संगणकाच्या लेखी तो पहिल्यापासून ‘डी’च होता. युनिकोड या संहितेत मात्र ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे. म्हणून अशा फायलीत नाव शोधता येत नाही, यादी वर्णक्रमाने लागत नाही, आणि दुसऱ्या यंत्रावर उघडली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो.

रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. ‘स्थिती’ हा एकच शब्द घ्या. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते त्या क्रमाने, म्हणजे सगळ्यात आधी साठवलेली असते. तिच्यामागून अर्धा स, थ, त आणि दुसरी वेलांटी. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा आहे : स, हलन्त, थ आणि त्यानंतर वेलांटी. म्हणजे रूपांतर करताना वेलांटी उचलून सबंध जोडाक्षराच्या पलीकडे न्यावी लागते. कच्चं साधन ती अर्ध्या ‘स’पाशीच सोडतं आणि पानावर ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. रफाराचं नेमकं उलट. ‘वर्षी’मधला रफार जुन्या फायलीत वेलांटीच्याही नंतर असतो, तो मागे ‘ष’च्या अलीकडे आणावा लागतो. म्हणून रूपांतर झाल्यावर दोन गोष्टी आधी तपासा. ठिपक्यांचं वर्तुळ कुठे आहे ते बघा, आणि हलन्ताला लागून वेलांटी, काना किंवा मात्रा आली आहे का ते शोधा. हलन्तानंतर लगेच स्वरचिन्ह आलं असेल तर ती चूक नक्की. एवढं केलं तरी बऱ्याच चुका वाचण्याआधीच सापडतात.

नवा फॉन्ट घेतानाही तो नमुन्याच्या सुंदर वाक्यावरून पसंत करू नका. हे शब्द टाइप करा : दऱ्या, तऱ्हा, वाङ्मय, उद्ध्वस्त, डोळ्यांत, ॲप, आणि आपल्या गावाचं नाव हुब्बळ्ळी. १ नोव्हेंबर २०१४ पासून गावाचं अधिकृत नाव कन्नड उच्चाराप्रमाणे झालं आणि देवनागरीत दोन जोडाक्षरं शेजारी शेजारी आली. ‘ब्ब’ कुठल्याही फॉन्टला जमतो. ‘ळ्ळ’पाशी खरी परीक्षा होते. फक्त हिंदी समोर ठेवून काढलेल्या फॉन्टमध्ये ‘ळ’चं अर्धं रूप नसेल तर पहिल्या ‘ळ’खाली हलन्ताची काडी लोंबत राहते. ज्या फॉन्टला ‘हुब्बळ्ळी’ नीट जमतं त्याला ‘पोळ्या’ आणि ‘मावळ्यांचा’ही जमतं.

‘दऱ्या’मधला र मराठीत पावलोपावली लागतो आणि तो दोन प्रकारे टाइप होतो. एक, खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त लावायचा. दोन, साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह. पानावर दोन्ही सारखे दिसतात, पण शोधताना एक लिहिलं तर दुसरं सापडत नाही. ‘ॲ’चंही तसंच : हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधी ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवत, आणि तसे मजकूर अजून फिरतात. प्रत्येक छापखान्याने यांतला एक प्रकार कायमचा ठरवून घ्यावा आणि काम सुरू करतानाच सगळ्या मजकुरात तो ‘शोधा आणि बदला’ने एकसारखा करून घ्यावा. माझी शिफारस ‘ऱ’ची. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून ‘जे’, मग ‘डी’, मग पुढचं अक्षर. न दिसणाऱ्या चिन्हाची भानगडच राहत नाही.

आता नेहमी विचारल्या जाणाऱ्या अडचणी. इनडिझाइनमध्ये युनिकोड मजकूर टाकल्यावर वेलांटी अक्षराच्या मागे जाते, जोडाक्षरं सुटतात. फॉन्ट बदलू नका. परिच्छेदाच्या शैलीत जस्टिफिकेशनमध्ये जाऊन कंपोझर ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा. २०१२ च्या सीएस ६ पासून भारतीय लिप्यांची जुळणी याच्यामार्फत होते. पेजमेकरमध्ये मात्र उपाय नाही. त्याची शेवटची सातवी आवृत्ती २००१ सालची, आणि तिला युनिकोड कळत नाही. सॉफ्टवेअर विकत घेणं परवडत नसेल तर स्क्रायबस मोफत आहे, आणि त्याच्या १.६ आवृत्तीत देवनागरी व कन्नड दोन्ही नीट जुळतात.

दुसरी तक्रार : नव्या संगणकावर मंगल सापडत नाही, कन्नडचा तुंगा सापडत नाही. मुंबईचे अक्षरकार र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी भारतीय लिप्यांचे फॉन्ट घडवले, त्यांतले हे दोन. विंडोज १० पासून ते आपोआप बसत नाहीत. सेटिंग्जमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये देवनागरी आणि कन्नडचे पुरवणी फॉन्ट वेगवेगळे दिलेले आहेत, ते जोडले की दोन्ही परत येतात.

तिसरी तक्रार : ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ धरला. युनिकोडमध्ये मात्र हिंदी-मराठीला अक्षर एकच; वळण कोणतं द्यायचं हे फॉन्ट मजकुराच्या भाषेवरून ठरवतो. तेव्हा मजकूर निवडून त्याची भाषा ‘मराठी’ करा. फॉन्टमध्ये मराठी वळण असेल तर ते लगेच उमटतं. पुस्तकी कामासाठी ‘टिरो देवनागरी मराठी’ घेतलात तर ते वळण मुळातच आहे.

दोन लिप्यांच्या पानात आपल्याला एक मोठी सोय आहे आणि ती फार थोडे वापरतात. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची जी संहिता आहे, तिच्या १९८८ सालच्या आवृत्तीच्या मांडणीवर युनिकोडमधल्या आपल्या लिप्या बसवल्या आहेत. देवनागरीला १२८ जागा, कन्नडलाही १२८, आणि देवनागरीचा ‘क’ आपल्या कप्प्यात ज्या क्रमांकावर आहे त्याच क्रमांकावर कन्नडचा ‘क’ आहे. ‘ळ’चंही तेच. इनस्क्रिप्टचा कळफलकही सगळ्या भारतीय लिप्यांना समाईक आहे : मराठीचा ‘क’ ज्या कळीवर, कन्नडचा ‘क’ त्याच कळीवर. कर्नाटकात नुडीचा कळफलक रुळलेला आहे आणि त्यावर वेगाने चालणारी बोटं बदलू नयेत. पण नव्याने शिकणाऱ्या मुला-मुलींना हुबळी-धारवाडमध्ये इनस्क्रिप्टच शिकवावा. एकदा बोटं बसली की दोन्ही भाषांची कामं हाताशी येतात.

सारखेपणा जिथे संपतो तेही लक्षात ठेवा. कन्नडमध्ये ‘र’ने सुरू होणारं जोडाक्षर अर्कावत्तु, म्हणजे कन्नड रफार, देऊनही लिहितात आणि पूर्ण ‘र’ ठेवून खाली ओत्तु, म्हणजे पुढच्या अक्षराचं जोडरूप, देऊनही. दुसरा प्रकार हवा तर न दिसणारं जोडचिन्ह ‘र’ आणि हलन्त यांच्या मध्ये येतं. मराठीत ते हलन्ताच्या नंतर येतं. कन्नडच्या सवयीने मराठीत टाइप केलं तर ‘दऱ्या’ होत नाही, आणि चिन्ह दिसत नसल्यामुळे चूक सापडता सापडत नाही. ‘ऱ’च्या मार्गाची शिफारस मी केली त्याचं हे आणखी एक कारण.

आकारमानाचंही बघा. दोन्ही लिप्यांना सारखाच पॉइंट दिला तर पान सारखं दिसेलच असं नाही. देवनागरी शिरोरेषेवरून खाली उतरते. कन्नडमध्ये ओत्तक्षरं ओळीखाली बरीच जागा घेतात. ओळींमधलं अंतर कन्नड मजकुरावरून ठरवा आणि तेच मराठीला द्या. फॉन्टही एकत्र आखलेल्या कुळातले घ्या. मुंबईच्या एक टाइपचा ‘बालू’ आहे, त्याचं कन्नड भावंड ‘बालू तम्मा’. त्यांचंच ‘अनेक’ हे कूळ आहे. गूगलचा ‘नोटो’ आहे. हे सगळे मुक्त परवान्याचे आहेत, छपाईला पैसे पडत नाहीत.

छापखानेवाल्यांचं म्हणणं मी ऐकत आलो आहे. जुनं सॉफ्टवेअर पाठ झालेलं आहे, हात चालतो, शेकडो जुन्या फायली पडून आहेत, आणि पत्रिकेच्या कामात सुटतं ते किती? हे खोटं नाही. जुना संगणक फेकून द्या असं मी म्हणत नाही. तो असू द्या, जुन्या फायली त्याच्यावर उघडत राहा. नवं काम मात्र युनिकोडमध्ये घ्या, आणि जुनी फाइल पुन्हा छापायला आली की त्या वेळी तिचं रूपांतर करा. वेगाचा हिशेबही मांडून बघा : ग्राहकाने पाठवलेला मजकूर जसाच्या तसा पानात आला तर टायपिंग वाचतं आणि दुसरं-तिसरं प्रूफ काढावं लागत नाही.

‘पीडीएफ दिलीय की’ हे उत्तर पुरेसं नाही. पीडीएफमध्ये मुख्यतः आकार साठवलेले असतात. त्यातून मराठी कॉपी करून पाहा, जोडाक्षरं फुटलेली मिळतात. ऑफसेटला जाणारी फाइल कर्व्ह करून द्यावी लागते, तीही द्या. पण कर्व्ह केलेल्या फायलीत अक्षर उरत नाही, फक्त रेषा उरतात. म्हणून कर्व्ह करण्याआधीची प्रत वेगळ्या नावाने ठेवा आणि मजकुराची साधी फाइल तिच्याशेजारी ठेवा.

हा विषय लग्नपत्रिकेपुरता नाही. हुबळी-धारवाड १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं. इथल्या मराठी घरांत खिळ्यांच्या काळात छापलेले कागद निघतात आणि आजही वाचता येतात. संगणक आल्यानंतर मंडळांनी काढलेल्या स्मरणिका, आरत्यांची पुस्तकं, सभासदांच्या याद्या यांच्या फायली मात्र कुणाकडे उघडत नाहीत. नवी आवृत्ती काढायची म्हटलं की पुन्हा सगळं टाइप करायचं, पुन्हा चुका, पुन्हा खर्च. जिथे मराठी टाइप करणारे हात मोजके आहेत तिथे हे काम दर वेळी नव्याने करणं परवडणारं नाही.

तेव्हा पुढची ऑर्डर देताना बिलावर एक ओळ लिहून घ्या : ‘अंतिम मजकूर युनिकोडमध्ये, साध्या फायलीत द्यावा.’ प्रूफात केलेल्या दुरुस्त्या त्या फायलीतही चढल्या आहेत का, ते घरी मोबाइलवर उघडून तपासा. मंडळाच्या कार्यकारिणीने ही अट ठरावातच घालावी आणि फाइल चिटणिसांच्या एकट्याच्या संगणकावर न ठेवता आणखी दोघांकडे ठेवावी. छापखान्याने यासाठी शंभर-दोनशे रुपये जास्त मागितले तर घासाघीस न करता द्यावेत. ते त्या माणसाच्या कामाचे पैसे आहेत, आणि पुढची आवृत्ती निघेल तेव्हा तेवढ्याने सगळं टायपिंग वाचणार आहे.