मदरबोर्ड : चूक सांगणारा आणि चूक लपविणारा

संगणक घ्यायला गेलेला माणूस पहिला प्रश्न प्रोसेसरचा विचारतो, दुसरा मेमरीचा आणि तिसरा किमतीचा. हे सारे ज्याच्यावर बसवायचे त्या मदरबोर्डची चौकशी सहसा कोणी करीत नाही. मीही केली नव्हती. हुबळीच्या बाजारात हिंडताना एका दुकानदाराने मला हसत हसत सांगितले होते, "सर, बोर्ड कुठला का असंना, काँप्युटर चालतंय की!" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. संगणक चालतो. पण चालणे आणि बरोबर चालणे यांत अंतर आहे, आणि ते कळण्यासाठी माझ्या हातून एका विद्यार्थिनीवर अन्याय व्हावा लागला. म्हणून हा लेखनप्रपंच.

मी पदार्थविज्ञान शिकवितो. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागासाठी मोठी गणिते करणारे संगणक घ्यायचे ठरले, तेव्हा खरेदी समितीत मी होतो. तीन दरपत्रके आली. प्रोसेसर तिन्हींत एकच, मेमरीही तेवढीच. मग अडचण कसली? सर्वांत कमी दराचे दरपत्रक आम्ही मंजूर केले आणि चहा पिऊन उठलो.

पुढल्या वर्षी एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी प्रकल्प करीत होती. तापविलेल्या पत्र्यात उष्णता कशी पसरते, याचे ते गणित होते. तिने तोच प्रोग्रॅम, तीच आकडेवारी घालून तीनदा चालविला. दोन उत्तरे जुळली, तिसरे जुळले नाही. फरक शेवटच्या अंकात असता तर मी सोडून दिला असता. तसे फरक गणनेत पडतात. हा फरक तिसऱ्याच अंकात होता. मी तिला म्हणालो, "मधे तू काहीतरी बदललेले दिसतेस." ती म्हणाली, "नाही सर, मी कशालाच हात लावला नाही." माझा विश्वास बसला नाही. कामात काळजी नाही, असा शेरा मारून मी तिचे अंतर्गत गुण कापले.

वर्ष उलटले. तोच संगणक मधूनच बंद पडू लागला, तेव्हा प्रयोगशाळेतल्या आमच्या सहायकाने रात्रभर मेमरीची चाचणी लावून ठेवली. सकाळी पडद्यावर तांबड्या ओळी होत्या. मेमरीच्या एका पट्टीतील एका ठिकाणी शून्याचा कधीकधी एक होत होता. बाकी सारे ठाकठीक. मुलगी तोवर पदवी घेऊन निघून गेली होती.

आता कोणी म्हणेल, दोष मेमरीच्या पट्टीचा. त्यात बोर्डाचा काय अपराध? खरे आहे. पट्टी कोणाचीही बिघडू शकते. माझा मुद्दा वेगळा आहे. पट्टी बिघडल्याचे त्या बोर्डाला कळण्याची सोयच नव्हती. चुकीचा आकडा तो बिनबोभाट पुढे देत राहिला, आणि त्याच्यावर विश्वास ठेवून मी एका माणसावर अविश्वास दाखविला. वर्कस्टेशन म्हणून विकल्या जाणाऱ्या बोर्डाची पारख करताना माझी पहिली कसोटी तेव्हापासून ही आहे : काही बिघडले तर हा बोर्ड मला सांगेल काय?

ही सोय नवी नाही. बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी 1950 साली चुका शोधून दुरुस्त करणाऱ्या संकेतांची रीत मांडली. आपल्या वहीखात्यात आडवी आणि उभी बेरीज ताडून पाहतात. एक आकडा चुकला तर कोणत्या ओळीत, कोणत्या रकान्यात, हे नेमके सापडते. तत्त्व तेच. नेहमीच्या मेमरीत एका वेळी 64 बिट जातात. ईसीसी मेमरीत त्यांच्या सोबतीला आणखी 8 तपासनीस बिट असतात. एक बिट चुकला तर जागच्या जागी दुरुस्त होतो, दोन चुकले तर निदान ओरड होते, आणि दोन्ही गोष्टींची नोंद राहते. डीडीआर 5 मध्ये दर पट्टीमागे दोन स्वतंत्र वाटा असल्याने हे तपासनीस बिट आणखी वाढले आहेत, इतकेच.

येथे एक फसगत होते, तिच्याकडे विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे. डीडीआर 5 च्या प्रत्येक चिपमध्ये अंतर्गत दुरुस्तीची सोय असते. त्यामुळे 'आता सगळीच मेमरी ईसीसी झाली' असे ऐकायला मिळते. ते बरोबर नाही. ती दुरुस्ती चिपच्या पोटातली. मेमरीपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर काय घडले, ते तिला दिसत नाही आणि तिची वार्ता सहसा आपल्यापर्यंत येतही नाही. खऱ्या ईसीसीसाठी चार जणांचे एकमत लागते : पट्टी तशी हवी, प्रोसेसरला ती समजायला हवी, बोर्डावर त्या जादा तारा ओढलेल्या हव्यात आणि बायॉसमध्ये सोय चालू हवी. एकाने नकार दिला की बाकीच्या तिघांवरचा खर्च वाया. पट्टीचेही पुन्हा दोन प्रकार, साधी आणि रजिस्टर्ड. डीडीआर 5 मध्ये एकीच्या खाचेत दुसरी बसतच नाही. बोर्ड कोणती घेतो ते आधी पाहावे.

दुसरी कसोटी वाटांची. बोर्डावर लांबलचक खाचा दिसतात, त्यांत ग्राफिक्स कार्ड वगैरे बसते. खाच सोळा वाटांच्या लांबीची असली तरी आत वाटा चारच असू शकतात. हुबळी-धारवाड रस्त्याच्या मधोमध चिगरी बससाठी राखलेली मार्गिका आपण पाहिली आहे. बस कितीही चांगली असो, तिला स्वतःची मार्गिका नसेल तर ती रिक्षांच्या मागेच उभी राहणार. घरगुती वर्गातल्या रायझन 7000 प्रोसेसरकडे वापरता येतील अशा अशा वाटा 24. 2023 साली आलेल्या झिऑन डब्ल्यू-2400 कडे 64 आणि डब्ल्यू-3400 कडे 112. थ्रेडरिपर प्रो 2020 साली आला तोच 128 वाटा घेऊन. दोन ग्राफिक्स कार्डे, चार वेगवान डिस्क आणि मोठे नेटवर्क कार्ड एकाच वेळी राबवायचे असेल, तर हा फरक निर्णायक. एकच कार्ड लावायचे असेल, तर 128 वाटा म्हणजे एका सायकलीसाठी आठपदरी रस्ता.

मेमरीच्या वाटांचेही तसेच. घरगुती बोर्डावर दोन, वर्कस्टेशनवर चार किंवा आठ. आठ वाटांच्या बोर्डावर पैसे वाचवायला दोनच पट्ट्या लावल्या, तर सहा वाटा ओस पडतात. असे संगणक मी पाहिले आहेत. ऐपत बोर्डाची, काम मात्र निम्म्याहून कमी.

तिसरी कसोटी विजेची आणि आपल्या हवेची. पेटीतून 12 व्होल्टने आलेली वीज प्रोसेसरला साधारण एक व्होल्टवर हवी असते. हे उतरविण्याचे काम प्रोसेसरभोवतालचे घटक करतात. मोठे वर्कस्टेशन प्रोसेसर 350 वॉटचे आहेत. म्हणजे त्या इंचभर जागेतून तीनशेहून अधिक अँपिअर प्रवाह जातो. त्यावरचे धातूचे पंखे नुसते शोभेचे आहेत की खरोखर उष्णता टाकणारे, हे हाताने चाचपूनही कळते. काही बोर्डांवर तेथे लहानसे फिरते पंखे बसविलेले असतात. उन्हाळ्यात हुबळीच्या काळ्या मातीची बारीक धूळ कशी घरभर बसते, हे आपल्याला ठाऊक आहे. ते इवलेसे पंखे आधी कुरकुरतात, मग थांबतात. धारवाडच्या पावसाळी ओलीची तऱ्हा वेगळी. साधारण 1999 ते 2007 या काळात जगभर असंख्य बोर्डांचे कपॅसिटर फुगून गळले, ही गोष्ट जुन्या दुरुस्तीवाल्यांना अजून आठवते. आता घन पॉलिमरचे कपॅसिटर सर्रास येतात, तरी उष्णता हा त्यांचाही शत्रू आहेच. तेव्हा बोर्ड कितीही उत्तम घ्या, अर्थिंग नीट नसेल आणि यूपीएसची बॅटरी मेलेली असेल, तर तो दोष बोर्डाच्या माथी मारू नये.

चौथी गोष्ट व्यवस्थेची. चांगल्या वर्कस्टेशन बोर्डावर एक छोटा स्वतंत्र पहारेकरी प्रोसेसर असतो, त्याची नेटवर्कची तारही वेगळी. मुख्य संगणक गोठला तरी हा जागा असतो. सुटीच्या रात्री प्रयोगशाळेला कुलूप असताना घरी बसून संगणक पुन्हा सुरू करता येतो, तापमान आणि मेमरीच्या चुकांची नोंद वाचता येते. मात्र त्याचा मूळ परवलीचा शब्द बदलला नाही, तर हाच पहारेकरी चोराला दार उघडून देईल. बोर्डाच्या कोपऱ्यातला दोन आकडी दिवाही मला मोलाचा वाटतो. संगणक सुरू होईना, की कोठे अडले ते तो आकड्याने सांगतो. याउलट रंगीत दिव्यांच्या माळा आणि चिलखतासारखी आवरणे यांनी गणित एका क्षणानेही लवकर सुटत नाही.

आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा या सगळ्याला आक्षेप आहे, आणि तो मी टाळून पुढे जाणार नाही. ते म्हणतात, "तुमच्या एका शहाण्या बोर्डाच्या पैशांत दोन साधे संगणक येतात. रांगेत उभी असलेली पोरे तुमच्या तपासनीस बिटांनी बसती होणार काय?" हा प्रश्न खरा आहे. आपली महाविद्यालये काही श्रीमंत नाहीत. माझे उत्तर असे : वीस संगणकांपैकी अठरा खुशाल साधे घ्या, प्रोग्रॅम शिकायला, प्रबंध टंकायला ते पुरेसे आहेत. पण ज्यांच्या उत्तरांवर गुण ठरणार, निबंध छापले जाणार, असे दोन तरी चूक सांगणारे असू द्या. त्यासाठी थेट थ्रेडरिपरपर्यंत जावे लागते असेही नाही. इंटेलच्या 2022 सालच्या डब्ल्यू 680 चिपसेटवर बऱ्याचशा साध्या कोअर प्रोसेसरांनाही ईसीसी मिळते; रायझनच्या काही बोर्डांवरही मिळते, मात्र निर्मात्याने तसे लिहून दिले आहे का, ते पाहावे.

हे सारे पाहायचे कोठे? बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत. ती विकत घेण्याआधी फुकट उतरवून घेता येते आणि तिच्यात बहुधा एक आकृती असते : प्रोसेसरपासून कोणती वाट कोणत्या खाचेला जाते, कोणत्या गोष्टी एकाच अरुंद वाटेवर दाटीवाटीने बसविल्या आहेत. ते एक पान अर्धा तास वाचले, तर दुकानदाराच्या दहा भेटी वाचतात. माझी सूचना अशी, की पुढील खरेदी समितीत दोन विद्यार्थी घ्यावेत आणि त्यांनी ही आकृती समितीला समजावून सांगावी. दरपत्रकात 'मदरबोर्ड : योग्य तो' असे मोघम न लिहिता ईसीसी, खाचांतील खऱ्या वाटा आणि हमीची वर्षे लिहून मागावीत.

बोर्ड वाचता येणे ही बोर्ड आखता येण्याची पहिली पायरी आहे, हेही विसरू नये. शेजारच्या पुण्यात सी-डॅक 1988 साली स्थापन झाली आणि 1991 साली तिने परम 8000 उभा केला. त्याच संस्थेने पुढे 'रुद्र' नावाचा सर्व्हर स्वतः आखला आणि 2024 साली परम रुद्र महासंगणक पुणे, दिल्ली व कोलकाता येथे कार्यान्वित झाले. बोर्डावर काय कोठे बसवावे, याचा विचार आपल्याकडेही होतो आहे. तो करणारी पुढची मुले आपल्याच वर्गांतून का जाऊ नयेत?

राहता राहिली ती विद्यार्थिनी. गुणपत्रिका बदलणे माझ्या हाती नव्हते. मी तिला पत्र लिहिले, घडले ते सांगितले आणि क्षमा मागितली. तिचे दोन ओळींचे उत्तर आले. पहिली ओळ कन्नड : "इरलि बिडि सर." जाऊ द्या, सर. दुसऱ्या ओळीत तिने विचारले होते, "तो संगणक अजून वापरात आहे का?"

आहे. पट्टी बदलली, पण बोर्ड तोच आहे. त्याच्यावर 'येथील उत्तर दुसऱ्या संगणकावर ताडून पाहावे' अशी चिठ्ठी मी माझ्या हाताने चिकटविली आहे. जे बोर्डाने सांगायला हवे होते, ते तूर्त त्या चिठ्ठीला सांगावे लागते.