घर-अंगण : दारच्या हौदात कमळ की कुमुद?

केज तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. जनावरे विकल्यापासून त्यांच्या दारचा सिमेंटचा हौद रिकामा आहे. सहा फूट लांब, चार फूट रुंद, अडीच फूट खोल. त्यात कमळ लावावे, वैशाख पौर्णिमेला घरचे फूल वाहावे, अशी त्यांची इच्छा. सासूबाई म्हणतात, "प्यायला हंडाभर मिळेना, अन् फुलाला हौद?"

सासूबाईंचे म्हणणे आम्ही उडवून लावणार नाही. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली, त्यांना पाण्याची किंमत आम्ही काय सांगावी? तेव्हा आधी हिशेब करू. कडक उन्हाळ्यात पाणी रोज सुमारे एक सेंटिमीटर आटते. एवढ्या हौदातून ते वीस-बावीस लिटर झाले, म्हणजे दीड हंडा. टँकरच्या दिवसांत हे परवडणारे नाही.

कमळाला हेच पाणी बारमाही लागते. त्याची पाने-फुले पाण्याच्या वर उभी राहतात, कंद सगळ्या हौदभर पसरतो आणि गाळ वाळला की तो मरतो. कुमुदाचे तसे नाही. त्याचे चिरलेले पान पाण्यावर तरंगते. आपल्याकडच्या तळ्यांतले निळसर कुमुद पावसाळ्यात वाढते आणि तळे आटले की त्याचा कंद गाळात झोपून राहतो. आपल्या जिल्ह्याला हेच योग्य.

पाणी पावसाचेच घ्या. दहा बाय पंधरा फुटांच्या पत्र्यावर शंभर मिलिमीटर पाऊस झाला, तर पन्हाळीतून बारा-तेराशे लिटर मिळते. जूनमध्ये जुन्या घमेल्यात काळी माती भरून कंद लावा. कोंब मातीबाहेर राहू द्या. वर बारीक खडी पसरा, म्हणजे माती उसळणार नाही. ताजे शेण घालू नका, पाणी कुजते. घमेले आधी विटांवर ठेवा. पाने वर आली की एकेक वीट काढत दीड-दोन फूट खोल न्या. ऊन मात्र पाच-सहा तास हवे.

डासांसाठी गप्पी मासे सोडा; पुष्कळदा आरोग्य केंद्रात ते मिळतात. लेकरे रांगती असतील तर हौदावर लोखंडी जाळी हवीच. आणि जांभळ्या फुलाला भुलून जलपर्णी आणू नका. ती पुरात ओढ्याला लागते, बिंदुसरेतून सिंदफणेत आणि तिथून गोदावरीत जाते.

आता खरे उत्तर. वैशाखात हे फूल मिळणार नाही. पण वर्षावासात, श्रावण-भाद्रपदात मिळेल. ऊसतोडीला जाणारी घरेही तेव्हा गावातच असतात. दिवाळीनंतर कोयते बांधून कुटुंब निघाले की हौद हळूहळू आटेल, पाणी घालायला कुणाला मागे थांबावे लागणार नाही. परत आल्यावर कोरडा गाळ पाहून तो उकरून टाकू नका. पहिल्या मोठ्या पावसाची वाट पाहा.

१९२७ साली महाडच्या तळ्यातले ओंजळभर पाणी घेण्यासाठी ज्यांना सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या लेकी-सुनांनी आपल्या दारी, आपल्या पत्र्यावरच्या पाण्यात फूल लावावे, यात उधळपट्टी नाही. सासूबाईंना हा हिशेब वाचून दाखवा. पहिले फूल त्यांच्याच हातून वाहा.