काठी ओढ्याला विचारून घ्यावी

कोकणात मासे गरवायचे म्हटले, की बांबूची काठी, दोरी, गरी आणि आमिषाला कोळंबीचा तुकडा, एवढ्यावर काम भागते. हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात ट्राऊट पकडायला निघालेल्या शहरी गृहस्थाचे मात्र निम्मे अवसान दुकानातच गळते. तिथे काठीला लांबी असते, नंबर असतो आणि छाती दडपणारी किंमत असते. गोंधळलेल्या गिऱ्हाइकापुढे दुकानदार बहुधा ९ फुटी, ५ नंबरची काठी ठेवतो. ‘सगळीकडे चालते,’ अशी तिची ख्याती. तीर्थनच्या मुख्य पात्रात ती चालेलही. पण तिला मिळणाऱ्या लहान ओढ्यांसाठी ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण साधे आहे. नेहमीच्या गळाला आमिषाचे किंवा शिशाचे वजन पुढे ओढून नेते. इथे गरीवर पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली कृत्रिम माशी इतकी हलकी, की ती फेकताच येत नाही. फेकायची असते ती जाड, वजनदार दोरी. माशी तिच्यामागून जाते. काठीचा नंबर म्हणजे तिला झेपणाऱ्या दोरीचे वजन, आणि ते मोजतात दोरीच्या पहिल्या ३० फुटांवर. ओढ्यात मासा असतो १०-१५ फुटांवर, खडकाआडच्या हातभर डोहात. एवढ्याशा दोरीने ताठ काठी वाकतच नाही. ती वाकली नाही तर माशी पुढे जात नाही, आणि जोर लावावा तर डोक्यावरच्या फांदीत अडकते!

म्हणून ७ ते साडेसात फुटांची, ३ किंवा ४ नंबरची, मध्यापर्यंत लवणारी काठी घ्यावी. १९७०च्या दशकात ग्रॅफाइट आले आणि काचतंतूच्या काठ्या मागे पडल्या. त्या संथ खऱ्या. पण थोड्या दोरीनेही लवतात, आणि ओढ्यावर हवे असते तेच. जिथे झाडी विरळ, आभाळ मोकळे, तिथे जपानी डोंगरकऱ्यांची ‘तेन्कारा’ उत्तम : १२ फुटांची काठी, टोकाला बांधलेली दोरी, रीळ नाहीच. थोडक्यात, निवड ओढ्याने करायची, दुकानदाराने नव्हे.

मग आणखी नाजूक, १ नंबरची का नको? हौशी मंडळी म्हणतात, तिच्यावर मासा जास्त वेळ झुंजतो. मला हेच पटत नाही. आपल्याला जी झुंज वाटते, ती त्याची जिवाच्या आकांताची धडपड असते. थंड पाण्यात प्राणवायू भरपूर असतो. पाणी तापले की कमी होतो. अशा वेळी दमवून सोडलेला मासा आपल्या देखत पोहत जातो आणि पुढे कुठे तरी मरतो. सोडून दिल्याचे पुण्य मात्र आपण घरी घेऊन येतो.

ट्राऊट मुळात या डोंगरांतला नव्हे. काश्मीरमध्ये १९०० साली आणि कुलूमध्ये १९०९ साली साहेबाने तो आणून सोडला. पाहुणा म्हणून आला आणि घरचा झाला. मारायचा तर परवान्याचे नियम पाळून झटपट मारावा. सोडायचा तर झटपट सोडावा. दोन्हीला पुरेशी ताकद जिच्यात आहे, तीच काठी चांगली. ती महाग असलीच पाहिजे असे कुठे आहे?