जुन्या व्हॅनची दुखणी आणि त्यांचा खर्च

कुटुंब मोठे आणि नव्या वाहनाची किंमत आवाक्याबाहेरची, अशा स्थितीत गृहस्थाची दृष्टी जुन्या व्हॅनकडे वळते. म्हैसुरात ह्या मोहास आणखी एक कारण आहे. दसऱ्यात आणि सुट्ट्यांच्या दिवसांत येणाऱ्या प्रवाशांना राजवाडा, चामुंडी टेकडी व श्रीरंगपट्टण दाखवून पुढे उटीस नेणारी बारा-चौदा आसनांची व्हॅन हे येथील कित्येक घरांचे उपजीविकेचे साधन आहे. असे वाहन हंगामात आठ दिवस गॅरेजात पडून राहिले, तर दुरुस्तीच्या खर्चाबरोबर मिळकतही जाते. म्हणून ‘हे वाहन वर्षाकाठी किती खाईल?’ हा प्रश्न घरातील प्रत्येकाच्या जिव्हाळ्याचा ठरतो.

ह्या प्रश्नाचे एकच उत्तर नाही. मात्र अनुभवी मिस्त्री दुरुस्तीच्या तीन पायऱ्या सांगतील : शेकड्यांची, हजारांची आणि लाखाच्या घरात जाणारी. ह्यातील बहुतेक मोठी दुखणी पहिल्या पायरीवरच जन्म घेतात व दुर्लक्षामुळे वर चढतात. काट्याचा नायटा होतो तो असा.

सुदैवाने आपल्याकडील जुन्या व्हॅनचे सुटे भाग दुर्मिळ नाहीत. १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेंपोने प्रथम मॅटाडोर आणि १९८७ पासून ट्रॅव्हलर ही वाहने देशभर पोहोचविली. २००५ मध्ये ह्याच कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. ट्रॅव्हलरचा मूळ आराखडा जर्मनीतील मर्सिडीज-बेंझ कंपनीचा. जुन्या गाड्यांतील डिझेल इंजिनही त्याच घराण्याचे. हे इंजिन साधे आणि दणकट आहे, व ते उघडून बसविणारे कारागीर गावोगावी भेटतात. ज्या वाहनाचे भाग परदेशातून मागवावे लागतात, ते कितीही स्वस्त मिळाले तरी घेण्यापूर्वी दहादा विचार करावा.

आता मुख्य दुखण्यांकडे वळू.

पहिले दुखणे उष्णतेचे. रबरी नळी, पंख्याचा पट्टा व थर्मोस्टॅट ह्यांची किंमत बहुधा शेकड्यांत असते. परंतु नळी फुटून पाणी वाहून गेले आणि चालक तसाच पुढे निघाला, तर इंजिनाचे हेड तापून वाकते व गॅस्केट जळते. मग हेड उतरवून ते यंत्रावर सपाट करून घ्यावे लागते व खर्च हजारांत जातो. त्यातूनही गाडी रेटली, तर पिस्टन-लायनर खरवडून निघतात आणि सगळे इंजिन बांधावे लागते. २०२३ मध्ये खुल्या झालेल्या बंगळूर-म्हैसूर द्रुतगती महामार्गावर जुनी गाडी तास-दीड तास सतत वेगात पळविली जाते, तेव्हा अर्धवट तुंबलेला रेडिएटर आपले खरे स्वरूप दाखवितो. कूपनलिकेच्या जड पाण्याने त्यात क्षार साचतात. म्हणून शुद्ध केलेले पाणी व कूलंट ह्यांचे योग्य मिश्रणच घालावे. तापमापकाचा काटा वर जाताच गाडी थांबवावी. इंजिन तापलेले असता रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. उकळते पाणी उसळून तोंड भाजते.

दुसरे दुखणे धुराच्या रंगावरून ओळखता येते. काळा धूर बहुधा अर्धवट जळालेल्या डिझेलचा : हवेची गाळणी तुंबलेली असते किंवा नोझल बिघडलेले असते. निळसर धूर इंजिन ऑइल जळत असल्याचा. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर ज्वलनकक्षात पाणी शिरत असल्याची शंका घ्यावी. गाळणी बदलणे हे थोडक्या पैशांचे काम, नोझलचे त्याहून जड, आणि निळ्या धुराचा शेवट पुष्कळदा इंजिन बांधण्यात होतो. गाडी विकत घेणाऱ्याने म्हणूनच ती सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, स्वतःच्या डोळ्यांदेखत सुरू करून घ्यावी. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलेले इंजिन आपली व्यंगे झाकून ठेवते.

तिसरे दुखणे ब्रेकचे; येथे प्रश्न केवळ पैशांचा उरत नाही. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवर आहे, चामुंडी टेकडी हजार मीटरहून थोडी अधिक, तर उटी सुमारे २,२४० मीटर. उतरताना चालक ब्रेकवर पाय ठेवूनच राहिला, तर ड्रम व लायनिंग तापून ब्रेकची पकड सुटत जाते. शिवाय ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. जुने, ओलसर झालेले ऑइल अशा तापात उकळून त्यात वाफ धरते आणि पायाखालचे पेडल पोकळ लागते. ते साधारण दोन वर्षांनी बदलण्याचा खर्च लायनिंगच्या मानाने अल्प आहे. चढताना जो गिअर लागतो, त्याच गिअरात उतरावे, हा जुना नियम आजही खरा आहे. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करणे तर अघोरी साहस होय. ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात योजना इंजिनाच्या बळावर चालते. ते बंद होताच दोन-चार वेळा पेडल दाबल्यावर ब्रेक दगडासारखा जड होतो. चार पैशांच्या डिझेलसाठी चौदा जीव पणाला लावू नयेत.

क्लच, किंग पिन व पाटे ही झिजणारी अंगे आहेत; त्यांचा खर्च हजारांत धरून ठेवावा. क्लचवर पाय ठेवून गाडी हाकण्याची सवय मोडली व किंग पिनांस वेळेवर ग्रीस मिळाले, तर हा खर्च पुष्कळ लांबतो. विजेच्या तारांविषयी मात्र हयगय नको. पूर्वीच्या मालकांनी दिव्यांसाठी व गाण्यांसाठी जोडलेल्या उघड्या तारा काढून टाकाव्यात. फ्यूजच्या जागी साधी तार बसविलेली आढळल्यास ती आगीस निमंत्रण देणारी आहे, असे समजावे.

वाहन ठेवावे की काढून टाकावे, ह्याचा निर्णय पुष्कळजण इंजिनावरून करतात. वस्तुतः इंजिन पुन्हा बांधता येते. गंजलेल्या सांगाड्यास तारुण्य देता येत नाही. सरकत्या दाराखालील पत्रा, तळ, आणि पाटे जेथे चासीला जोडलेले असतात त्या जागा गाडीखाली शिरून पाहाव्यात. तेथे गंजाने पोखरले असेल, तर स्वस्त किंमतही महागच.

कायद्याचा खर्चही हिशेबात धरावा. भाड्याच्या वाहनास आठ वर्षांनंतर दरवर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतन करावी लागते. हलक्या चारचाकीसाठी त्याचे शुल्क २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, आणि वीस वर्षांवरील वाहनांसाठी २०२५ मध्ये ते १०,००० रुपये करण्यात आले.

तात्पर्य, जुनी व्हॅन घेणाऱ्याने किंमत देतानाच पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम बाजूस काढावी, आणि किराणाच्या वहीशेजारी वाहनाचीही एक वही ठेवावी. तिच्यात तारीख, किलोमीटर, बदललेला भाग व दिलेले पैसे नोंदवावेत. वर्षअखेर बेरीज करताना शेकड्यांच्या नोंदी पुष्कळ आणि हजारांच्या थोड्या दिसल्या, तर वाहनाची निगा नीट चालली आहे असे खुशाल समजावे. नोंदी उलट दिसू लागल्या आणि मिळकत दुरुस्तीस पुरेनाशी झाली, की त्या इमानी सेवकास निरोप देण्याची वेळ आली हे ओळखावे.