नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

बारशाच्या दिवशी बाळाचे नाव ठेवले जाते. आणि जो उठल्यासुटल्या इतरांची उणीदुणी काढतो, तो ‘सगळ्यांना नावे ठेवतो’ असे म्हटले जाते. मराठीने एकाच क्रियापदात माया आणि बोच दोन्ही साठवून ठेवल्या आहेत. पुणे शहरातील जुन्या ठिकाणांची नावे पाहिली, तर हे दोन्ही अर्थ शेजारी नांदताना दिसतात.

औरंगजेबाने आपल्या दक्षिणेतील मुक्कामात पुण्याला ‘मुहियाबाद’ असे नाव दिले होते. बादशहाची आज्ञा असूनही ते नाव टिकले नाही. मलकापूरची रविवार पेठ झाली, शहापूरची सोमवार पेठ झाली. वेताळाच्या देवळामुळे ओळखली जाणारी वेताळ पेठ गुरुवार पेठ म्हणून रुळली. आठवड्याचे सातही वार पुण्याच्या नकाशावर वसले. सत्तेने दिलेली नावे अशी येतात आणि जातात. लोकांनी दिलेली नावे मात्र चिवट असतात. एका मारुतीला शेजारच्या हलवायाने जिलब्यांची माळ वाहिली असे सांगतात, आणि तो ‘जिलब्या मारुती’ झाला. पासोड्यांचा बाजार जवळ भरे म्हणून ‘पासोड्या विठोबा’, आणि मूर्ती निवडुंगाच्या जाळीत सापडल्याची कथा म्हणून ‘निवडुंग्या विठोबा’. संत तुकाराम महाराजांची पालखी आजही नाना पेठेतील याच निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला असते. पासोड्यांचा बाजार कधीच उठला, निवडुंगाची जाळी नाहीशी झाली. नावे तेवढी मागे राहिली.

या नावांत व्यापारी घराण्यांच्याही खुणा आहेत. सदाशिव पेठेतील ‘भिकारदास मारुती’ हे नाव प्रथम ऐकणाऱ्यास भिकाऱ्याची आठवण होते. प्रत्यक्षात भिकारदास हे एका गुजराती सावकाराचे नाव होते आणि मारुतीची जागा त्याच्या मालकीची होती. दगडूशेठ हलवाई यांचे आडनाव गडवे. परंतु मिठाईच्या धंद्याने त्यांना दिलेले नावच जगभर पोहोचले, आणि आडनाव फारच थोड्यांच्या लक्षात राहिले.

गुरुवार पेठेतील गोडीजी पार्श्वनाथ मंदिराचे नाव मराठी कानाला साखरेच्या गोडीसारखे वाटते. त्याचा उगम मात्र फार दूरचा आहे. गोडी हे सिंधमधील थरपारकरच्या वाळवंटातील एक गाव. तेथील पार्श्वनाथांची कीर्ती राजस्थान-गुजरातमध्ये पसरली, आणि व्यापारासाठी देशोदेशी गेलेल्या श्रावकांनी जेथे वस्ती केली, तेथे ते नावही नेले. थरपारकर आज पाकिस्तानात आहे आणि तेथील जुने गोडी मंदिर मूर्तीविना उभे आहे. त्या गावाचे नाव पुण्यातील भाविक रोज घेतात. त्यांपैकी अनेकांनी ते गाव नकाशावरही पाहिलेले नाही. सारसबागेजवळच्या दादावाडीचेही तसेच. तेथील ‘दादा’ म्हणजे थोरला भाऊ नव्हे. खरतरगच्छातील पूज्य दादागुरूंच्या स्मृतीने ती जागा पावन झाली आहे. हे अर्थ घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितले नाहीत, तर पुढच्या पिढीसाठी नाव उरेल आणि वाट हरवेल.

पुण्यात काही नावे वस्तुस्थिती बदलली तरी हटत नाहीत. लाकडी पुलाचे लाकूड केव्हाच गेले, तो दगडी झाला, त्याला छत्रपती संभाजी महाराजांचे नाव मिळाले. तरी रिक्षावाल्याला ‘लाकडी पूल’ म्हटले की पुरते. शिवाजी पुलाने शंभरी ओलांडली, तरी जुन्या पुणेकरांच्या तोंडी तो ‘नवा पूल’च आहे. सवयीतून आलेल्या अशा नावांनी कोणाचे मन दुखावत नाही.

परंतु नावाला दुसरी बाजूही आहे. सदाशिव पेठेत अठराव्या शतकाच्या अखेरीस गद्रे सावकारांनी मुरलीधराचे मंदिर बांधले. प्राणप्रतिष्ठेच्या वेळी सशस्त्र शिपायांत चकमक होऊन माणसे मारली गेली, आणि देव कायमचा ‘खुन्या मुरलीधर’ झाला. हातात बासरी घेतलेल्या देवावर खुनाचा ठपका बसला. ज्यांचे प्राण गेले, त्यांची नावे मात्र लोकांच्या स्मरणात उरली नाहीत. देव असे नाव निमूटपणे सोसतो. माणसाला ते सोसावे लागते, तेव्हा ती जखम होते. महाराष्ट्रात गावोगावी वस्त्यांना जातींवरून नावे पडली होती. तेथे राहणाऱ्या मुलाला शाळेत पत्ता सांगतानाही मान खाली घालावी लागे. राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये अशी जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे देण्याचा निर्णय घेतला. जुने तेवढे सारेच जपावे असे नाही, हे या निर्णयाने मान्य केले.

मग जपावे काय आणि सोडावे काय? कसोटी साधी आहे. ते नाव ज्याला चिकटले, त्याला ते ऐकून काय वाटते? जिलब्यांच्या माळेची आठवण कोणाला खुपत नाही. वस्तीच्या नावातून रोज जात आठवून देणे खुपते. हीच कसोटी उंबरठ्याच्या आतही लागू पडते. कुटुंबात कोणी ‘जाड्या’ असतो, कोणी ‘काळी’, कोणी ‘ढ’. म्हणणाऱ्याला ती थट्टा वाटते. ऐकणारे मूल हसते आणि आत मिटत जाते. वयाची पन्नाशी उलटली तरी लग्नसमारंभात त्याच नावाने हाक येते, आणि चारचौघांत चेहरा उतरतो. साधूंच्या आचारातील पाच समित्यांमध्ये भाषासमिती सांगितली आहे: बोलावे ते हितकर, मोजके आणि कोणास न दुखावणारे. श्रावकाच्या घरातील हाकेलाही ती शिकवण लागू पडते.

संवत्सरीला घराघरांत ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले जाते. ज्याला वर्षभर बोचऱ्या टोपणनावाने हाक मारली, त्याच्यापुढे हात जोडताना त्याचे खरे नाव उच्चारावे, आणि दुसऱ्या दिवसापासून हाकही त्याच नावाने मारावी.