नव्या रिव्हॉल्व्हरवरचा ओरखडा

रात्री उशिरापर्यंत दुकान, मोटेल वा गॅस स्टेशन चालविणारे आमचे काही बांधव कायद्याने रिव्हॉल्व्हर बाळगतात. ते बाळगावे की नाही, हा वाद आज आम्ही काढीत नाही. पण शेकडो डॉलर मोजून कोरे रिव्हॉल्व्हर घेतले आणि घरी पेटी उघडताच नळीवर कानशीचे वळ, मुलाम्यावर डाग, कारखान्याचे नाव तिरके उमटलेले दिसले, तर काय करावे? ‘चालते ना, मग झाले,’ असे म्हणणारे पुष्कळ. आमचे मत वेगळे आहे.

अमेरिकेत एखादे खेळणे वा टोस्टर धोकादायक निघाला, तर सरकार तो बाजारातून परत घ्यावयास लावू शकते. बंदुकांना मात्र 1972 च्या ग्राहक-वस्तू सुरक्षा कायद्यातून वगळले आहे. इंग्लंडात 1868 च्या कायद्याने नळी चाचणीगृहात तपासून शिक्का मारल्यावाचून बंदूक विकता येत नाही. येथे तशी सक्ती नाही. कारखान्याची तपासणी हीच पहिली आणि शेवटची. सहज दिसणारा चरा ज्याच्या नजरेतून सुटला, त्याच्या नजरेतून न दिसणारे काय सुटले असेल, ही शंका म्हणूनच रास्त ठरते.

अर्थात प्रत्येक खूण म्हणजे दोष नव्हे. सिलिंडरभोवतीची बारीक रेघ ते फिरल्याने उमटतेच. मुठीच्या लाकडाची छटा हाही रूपाचाच प्रश्न. परंतु नळी तिरकी बसली असेल, नळी व सिलिंडर यांमधील फट एका बाजूस रुंद असेल, घोडा चढविल्यावर एखादे घर नळीसमोर नेमके येत नसेल, तर ते जिवाशी खेळ आहे. गोळीचे शिसे कापले जाऊन कण बाजूला उडतात.

हे सारे दुकानातच, रिकामे हत्यार विक्रेत्याकडून उघडून घेऊन, उजेडात पाहावे. माल स्वीकारण्यापूर्वी तपासण्याचा हक्क खरेदी-विक्रीचा कायदा देतो, आणि हमीचा कागदही आधी वाचावयास मागता येतो. सरकारी फॉर्म भरून हत्यार ताब्यात घेतले की ते जुने ठरते आणि दुकानदार सहसा परत घेत नाही. मग बैल गेला नि झोपा केला!

नंतर दोष आढळल्यास कानस वा पॉलिश पेपर घरी चालवू नये. त्याने हमीवर पाणी पडू शकते, आणि क्रमांकाचा आकडा पुसला गेला तर गुन्हा ओढवू शकतो. फोटो काढून कारखान्यास लेखी कळवावे. दुरुस्तीसाठी थेट कारखान्याकडे पाठविण्यास 1968 च्या केंद्रीय कायद्याची मुभा आहे. मात्र साध्या टपालाने न पाठविता कारखाना सांगेल त्या मार्गाने, आणि आपल्या राज्याचा नियम विचारूनच पाठवावे.

परक्या देशात तक्रार करावयास आपली माणसे संकोचतात. साडीवरचा डाग आपण दुकानदारास दाखवितोच ना? मग ज्या वस्तूच्या भरवशावर रात्र काढावयाची, तिच्याबाबत संकोच कसला?